प्लास्टिकचे तेल: आधी निवडणे, मग भट्टी

छत्तीसगडचे मंत्रालय २०१२ साली जुन्या रायपुरातून नवा रायपुर या नियोजित नगरात आले. जेथे रस्ते व वसाहती आधी नकाशावर आखल्या गेल्या, तेथे कचऱ्याची व्यवस्थाही आधी आखता येते. टाकाऊ प्लास्टिकपासून इंधन काढण्याचा कारखाना अशा नगरासाठी कोणी सुचविल्यास नवल नाही. परंतु त्याचा आकार कशावरून ठरवावा, याचा विचार प्रथम व्हावयास हवा.

भट्टी मातीने लिंपून हवा कोंडली म्हणजे लाकडाची राख न होता कोळसा पडतो. प्लास्टिकचे तेल याच तत्त्वावर निघते. बंद पात्रात प्राणवायूवाचून ते सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सियसपर्यंत तापविले असता त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात. निघालेली वाफ थंड केली की तेल मिळते. या क्रियेस पायरॉलिसिस म्हणतात. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत २०१९ साली सुरू झालेले संयंत्र १ टन प्लास्टिकपासून ८०० लिटर डिझेल काढण्यासाठी रचलेले होते.

मात्र भट्टी सर्वभक्षक नव्हे. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असतो. त्यापासून निघणारे हायड्रोक्लोरिक आम्ल पात्र खाते. पाण्याच्या बाटल्यांच्या पेट प्लास्टिकपासून घन आम्ल तयार होऊन नळ्या तुंबतात. उत्तम तेल देतात ती स्वच्छ पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीन. आणि अडचण नेमकी येथेच आहे. वितळवून पुन्हा वस्तू करण्यासही हीच द्रव्ये उत्तम होत. वस्तू केल्यास त्यांतील कार्बन वस्तूतच राहतो. ८०० लिटर डिझेल जाळल्यास २ टनांहून अधिक कार्बन डायॉक्साइड हवेत जातो.

केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनीही, जे पुन्हा वस्तुरूपात आणता येत नाही तेवढेच प्लास्टिक तेलाकडे पाठवावे, असा क्रम लावला आहे. छत्तीसगडमधीलच अंबिकापुरात महिला बचत गट घरोघरचा कचरा गोळा करून, धान्य निवडावे तसा, हातांनी निवडतात व कामाचा माल विकतात. गरजेहून मोठी भट्टी बांधली, तर तिचे रोजचे पोट भरण्यासाठी असाच माल तिच्याकडे ओढला जाईल आणि तो निवडणाऱ्या हातांची मिळकत बुडेल.

म्हणून नव्या रायपुराने घरोघरची निवड प्रथम पक्की करावी. त्यानंतर उरणाऱ्या मळक्या पिशव्या व थरदार वेष्टने यांचे वर्षभर वजन करावे आणि त्याच मापाची भट्टी बांधावी. चूल आधी मांडून मग सरपण शोधीत फिरणे शहाणपणाचे नव्हे.