सभासद-सूची यंदा का नाही?

युरोपातल्या आपल्या मंडळाची दिवाळीला निघणारी सभासद-सूची यंदा निघाली नाही, म्हणून अनेकांनी विचारणा केली, काहींनी नाराजी कळवली. "आपल्याच माणसांपासून काय लपवायचं?" हा प्रश्न प्रेमापोटीच आला आहे. त्याचं उत्तर देणं समितीचं कर्तव्य आहे.

मागची सूची आपण पीडीएफ करून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. त्यात नाव, पत्ता, फोन, मुलांचे वाढदिवस आणि 'भारतातील संपर्क' असे रकाने होते. ती पुढे कुठे कुठे गेली, आज कोणीच सांगू शकत नाही. यंदा गणपतीनंतर आपल्या एका सभासदाच्या आईला नेरूळला व्हिडिओ कॉल आला. पलीकडे खाकी गणवेशातला माणूस. मुलाचं नाव, इथलं गाव, नातीचा वाढदिवस, सगळं त्याला पाठ. "मुलाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्ही डिजिटल अटकेत आहात, फोन ठेवायचा नाही." आजी दोन तास देवघरासमोर मोबाइल धरून बसल्या होत्या. शेजारच्या काकू डबा परत करायला आल्या, म्हणून पैसे वाचले.

माहिती आपल्याच सूचीतून गेली असं सिद्ध झालेलं नाही, आणि कोणा कार्यकर्त्याकडे बोट दाखवायचं नाही. सूची सर्वांच्या संमतीने निघाली होती. पण भामट्याला हवं ते सगळं तिच्यात एका ओळीत होतं.

आपल्यापैकी कितीतरी जणांचे आईवडील वाशी-नेरूळ-खारघरला एकटे राहतात. त्याच नवी मुंबईत, ऐरोली-महापे पट्ट्यात, मोठमोठी डेटा सेंटर आहेत, रात्रंदिवस पहाऱ्यात. आपल्या पीडीएफला मात्र साधा पासवर्डही नव्हता.

हा नुसता सावधगिरीचा नाही, हक्काचाही प्रश्न आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. इथे युरोपात 2018 पासून जीडीपीआर लागू आहे, आणि संस्था छोटी आहे म्हणून मंडळाला त्यातून सूट नाही.

जुन्या सभासदांचं म्हणणंही खरं आहे. या सूचीवरूनच अनेकांना परक्या गावात पहिलं मराठी घर सापडलं. म्हणून सूची बंद नाही, बदलतो आहोत. ज्यांची लेखी संमती येईल त्यांचंच नाव आणि एक फोन नंबर छापू. भारतातला संपर्क फक्त सचिवांकडे, अडीअडचणीसाठी राहील. हा विषय वार्षिक सभेपुढे होता. तीनदा कळवूनही खुर्च्या रिकाम्या राहिल्या. तेव्हा आला असतात तर हीच चर्चा समोरासमोर झाली असती.

आता एवढं करा. जुनी पीडीएफ फोनमधून आणि बॅकअपमधूनही काढा. कार्यक्रमात दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो विचारल्याशिवाय टाकू नका. भारतात आईबाबांना कुठे आधारची प्रत द्यावी लागली, तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालतं का ते आधी विचारायला सांगा. 'डिजिटल अटक' कायद्यात नाही: फोन ठेवायचा आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवायचं, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आईबाबांच्या फोनशेजारी चिकटवायला सांगा.

संमतीपत्र संक्रांतीच्या कार्यक्रमापर्यंत द्यावं. त्यात आईवडिलांचा नंबर लिहिण्याआधी त्यांना एकदा विचारा. तो नंबर त्यांचा आहे.

आपली,
कार्यकारी समिती