आधी मोजा, मग घासा

नवरात्र बसलं की आपल्या शेडपुढे काळ्या गाड्यांची रांग लागते. दसऱ्याला पूजा आहे, गाडी आरशासारखी दिसली पाहिजे, असं सांगत मालक बॉनेटवरच्या बारीक जाळीकडे बोट दाखवतो आणि विचारतो, "हे निघेल ना सगळं?" आपल्यातले बरेच जण गाडीभोवती एक चक्करही न मारता "निघेल की" म्हणून मोकळे होतात. यंदा हा शब्द देण्याआधी थोडं थांबावं, एवढ्यासाठी हे संपादकीय.

स्वर्ल म्हणजे बारीक चर. चर उचलून बाजूला टाकता येत नाही. त्याच्या दोन्ही काठांचा क्लिअर कोट घासत घासत तळापर्यंत खाली आणला, की चर दिसेनासा होतो. म्हणजे प्रत्येक रबिंगमध्ये गाडीच्या अंगावरचं काहीतरी कायमचं जातं. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमरपासून क्लिअर कोटपर्यंत सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉनचा थर असतो. त्यात क्लिअर कोटच्या वाट्याला जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉन येतात. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आपण मशीन फिरवतो तो थर केसाहून पातळ आहे. लोकरी पॅड आणि जाड कंपाउंड घेऊन जोरात बसलं तर एका बैठकीत त्यातले दोन-चार मायक्रॉन सहज जातात. ऊन सोसायची ताकद याच थरात असते. तो फार उतरला की काही उन्हाळ्यांनी छतावर आणि बॉनेटवर पांढुरके चट्टे उठतात, पापुद्रे सुटतात. तोपर्यंत दोन-तीन शेड बदलून झालेल्या असतात आणि नेमका कोणाच्या हातून थर गेला हे कोणालाच सांगता येत नाही.

माझ्या हातून एकदा गेला आहे. धंद्याची सुरुवातीची वर्षं होती. काळी सेडान, हातात रोटरी, आणि बॉनेटच्या मधोमध उठलेली बॉडी लाइन. कडेवर रंग मुळातच पातळ बसतो, तिथे टेप लावून मशीन हलकं धरायचं, हे मला सांगितलेलं होतं, पण संध्याकाळी गाडी द्यायची होती. पॅड उलटं करून पाहिलं तर पांढऱ्या लोकरीवर बोटभर काळा पट्टा. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळात पॅडला गाडीचा रंग लागायचाच. रंग एका थराचा असे, त्यामुळे काळ्या गाडीवर पॅड काळं झालं तर कोणी दचकत नसे. क्लिअर कोटच्या गाडीवर पॅडने रंग धरला, याचा अर्थ वरचं पांघरूण फाटलं. संपूर्ण बॉनेट माझ्या खर्चाने रंगवून दिलं. मालक समजूतदार होता, पण तो काळा पट्टा मी विसरलेलो नाही.

म्हणून पेंट मीटर हातात असल्याशिवाय काळ्या गाडीला कंपाउंड लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मीटरच्या मर्यादाही ठाऊक हव्यात. आपण वापरतो ते साधं मीटर एकूण जाडी सांगतं, क्लिअर कोट किती उरला ते वेगळं सांगत नाही. प्लास्टिकच्या बंपरवर ते चालत नाही. तरीही एका पॅनेलवर दहा जागी टेकवलं तर पुष्कळ कळतं. सगळीकडे ११५-१२० आणि एका कोपऱ्यात अचानक ८५ दिसलं, तर तिथे आधी कोणीतरी बराच वेळ घासलं आहे असं समजावं. २०० च्या पुढे आकडा गेला तर पॅनेल पुन्हा रंगवलेलं असणार, आणि त्या रंगाचा स्वभाव शेजारच्या पॅनेलहून वेगळा निघू शकतो. मोजल्यावरही हात सर्वांत मऊ पर्यायापासून सुरू व्हावा. फोम पॅड, बारीक पॉलिश, ड्युअल ॲक्शन मशीन, दोन बाय दोन फुटांचा एक तुकडा. तेवढ्याने भागलं तर पुढे जायचं कारण नाही. पाच खोल रेघा उरल्या तर उरू द्याव्यात. त्या पाच रेघांसाठी अख्ख्या बॉनेटचा थर उतरवणं हे कौशल्य नव्हे.

"माझ्या पांढऱ्या गाडीला असं कधी झालं नाही," हे वाक्य आपण आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. पांढऱ्या गाडीवरही तेवढेच ओरखडे असतात. पांढरा रंग स्वतःच इतका उजेड परत टाकतो की ओरखड्यांची चमक त्यात बुडून जाते. काळ्यावर तीच चमक एकटी उठून दिसते. आणि ती गोल जाळी? ओरखडे खरं तर सगळ्या दिशांना पसरलेले असतात. त्यातले जे उजेडाला आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळं दिसतात. दिवा हलवला की वर्तुळंही हलतात. मालकाला एकदा मोबाइलचा टॉर्च फिरवून हे दाखवा. दोन मिनिटांत त्याला पटतं की दोष रंगाचा नाही, गाडी पुसण्याचा आहे.

खरा रोग तिथेच आहे. सकाळी सहाला कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरून पाहा. एक बादली, एक फडकं आणि दहा-बारा गाड्या. तिसऱ्या गाडीपर्यंत पाणी मातकट होतं, बादलीच्या तळाशी बांधकामाची वाळू बसते, आणि तेच फडकं पिळून काळ्या बॉनेटवर गोल गोल फिरतं. वाळूतला कण क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. एका सकाळी काही दिसत नाही. वर्षभर रोज हेच झालं की जाळी तयार. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. महिन्याला गाडीमागे काहीशे रुपये मिळतात, पाणी मोजून मिळतं आणि त्याला कोणी काही शिकवलेलं नसतं. शिकवायला आपल्यालाच जावं लागेल. काळ्या गाडीचं काम घेतलं की गाडी देताना दोन मायक्रोफायबर मिट द्या, कोरडी धूळ कधीही पुसायची नाही हे सांगा, आणि जमलं तर एका सकाळी त्या पार्किंगमध्ये जाऊन दोन बादल्यांनी गाडी कशी धुवायची ते करून दाखवा. मी हे चार सोसायट्यांत केलं आहे. शिकणारे लोक उत्सुक असतात.

आता वॅक्सबद्दल, कारण फसवणूक इथे होते. वॅक्स किंवा ग्लेझ चरांत भरतं, कडा बुजवतं आणि काळा रंग ओला असल्यासारखा गडद दिसतो. कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. वॅक्सच्या मेणांत ते फार कठीण, पण तेही काही आठवडेच टिकतं. चार-सहा धुण्यांनंतर जाळी पुन्हा वर येते. "स्वर्ल काढले" म्हणून पैसे घ्यायचे आणि ग्लेझने नुसते बुजवायचे, हा सरळ खोटेपणा आहे. काम झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणाने पॅनेल पुसून, गाडी उन्हात उभी करून मालकाला दाखवली पाहिजे. पण हेच वॅक्स "बुजवतोय, काढत नाही" असं सांगून लावलं तर तो उत्तम उपाय आहे. ज्या गाडीवर क्लिअर कोट थोडाच उरला आहे, तिला मी आता वॅक्सच सुचवतो. दर दोन महिन्यांनी हाताने लावायचं, मशीन बंद.

सिरॅमिक कोटिंगचंही तेच. जाळीवर कोटिंग मारलं तर जाळी त्याखाली कोंडली जाते. डब्यावरचा नाइन एच हा पेन्सिलच्या चाचणीतला आकडा आहे. मातकट फडक्यापासून तो गाडी वाचवत नाही.

पूजेच्या दिवसासाठीही एक गोष्ट मालकांना सांगून ठेवा. झेंडूचा हार बॉनेटवर आडवा टाकला तर वाऱ्याने त्याची तार किंवा दोरा रंगावर घासत राहतो. हार ग्रिलला बांधायला सांगा. हळदकुंकू सुकल्यावर कोरड्या हाताने खरवडू नये, भरपूर पाण्याने सोडवावं.

खंडेनवमीला आपण मशीन, पॅड, बाटल्या पूजेला मांडतो. ज्यांच्याकडे पेंट मीटर नाही त्यांनी यंदा ते घ्यावं आणि तेही मांडावं. आणि एक साधं कार्ड छापून घ्या: तारीख, प्रत्येक पॅनेलचं काम करण्याआधीचं आणि नंतरचं माप, काय काढलं, काय बुजवलं, काय तसंच ठेवलं. पुढच्या शेडमधल्या माणसाला त्यावरून कळेल की या गाडीवर आता किती घासता येईल. दसऱ्याला तुमच्याकडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक काळ्या गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ते कार्ड असू द्या.