कुंपणच शेत खाते तेव्हा

प्रत्येक मोठ्या संस्थेच्या संगणकजाळ्याच्या वेशीवर दोन पहारेकरी असतात. फायरवॉल आगंतुकाला अडवते. व्हीपीएन दूरच्या कर्मचाऱ्याला सुरक्षित वाटेने आत घेते. अनेक ठिकाणी ही दोन्ही कामे एकच यंत्र करते, आणि आत येणाऱ्यांचे पासवर्ड त्याच्या हातून जातात. ते यंत्रच फितूर झाले, तर चोर कर्मचाऱ्याच्या नावाने, त्याचीच किल्ली लावून राजरोस आत येतो.

फोर्टिनेट या अमेरिकन कंपनीच्या यंत्रांतील अशा एका दोषावर मे २०१९ मध्ये दुरुस्ती उपलब्ध झाली होती. तरीही सप्टेंबर २०२१ मध्ये जगभरातील सुमारे ८७ हजार यंत्रांतून चोरलेले जवळजवळ पाच लाख खात्यांचे पासवर्ड चोरांच्या बाजारात फुकट वाटले गेले. त्यांत भारतातील संस्थाही होत्या. अनेकांनी वेळेवर दुरुस्ती केली नव्हती. आणि उशिरा दुरुस्ती करून जुनेच पासवर्ड ठेवणाऱ्यालाही संरक्षण नव्हते. कुलपाची खोड गेली, तरी चोराच्या हातातली किल्ली कायमच राहते.

अशा वेळी चौकशीचा रोख बहुधा कनिष्ठ कर्मचाऱ्याकडे वळतो. वास्तविक हा प्रश्न अर्थकारणाचा आहे. यंत्र विकणाऱ्याचा नफा विक्रीबरोबरच पदरात पडतो; दोषाची किंमत त्याच्या जमाखर्चात क्वचितच उमटते. वापरणारी कंपनी देखभालीची माणसे कमी करते आणि ती बचत नफा म्हणून मिरवते. तोटा मात्र समाजाच्या माथी येतो. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन कंपनीत खंडणीखोर शिरले, ते वापरातून गेलेल्या एका व्हीपीएन खात्याचा पासवर्ड मिळवून. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी मोजली. पेट्रोलसाठी रांगेत तिष्ठत राहिले ते सामान्य नागरिक.

आपल्याकडे एप्रिल २०२२ च्या आदेशान्वये अशी घटना सहा तासांत सरकारी यंत्रणेला कळविणे बंधनकारक आहे. परंतु केवळ वर्दी दिल्याने नुकसान भरून निघत नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्ये कायदा करून विक्रीनंतरच्या दोषनिवारणाची जबाबदारी उत्पादकावर टाकली. तसे दायित्व येथेही कायद्याने निश्चित झाले पाहिजे. कर्मचाऱ्यावर ठपका ठेवण्यापूर्वी यंत्राच्या दुरुस्तीची नोंदवही कामगार संघटनेपुढे ठेवणे व्यवस्थापनास भाग पाडले पाहिजे. नफा खासगी आणि जोखीम सार्वजनिक, हा जुनाच व्यवहार आता नव्या यंत्रांच्या आडून चालला आहे. कार्यकर्त्यांनी तो ओळखावा आणि ही मागणी आपापल्या संघटनांत लावून धरावी.