टिंकररच्या दारात उडालेले सोने

या महिन्यात आलेल्या पत्रांत एकच तक्रार फिरून फिरून दिसते: ‘टेरारिया’त समनर हार्डमोडमध्ये टिकत नाही, मेकॅनिकल बॉसपुढे मरतो, तेव्हा पुन्हा मेलीकडे वळावे का? पत्रांबरोबर आलेले इन्व्हेंटरीचे स्क्रीनशॉट पाहिले की उत्तर तिथेच सापडते. डोक्यावर स्पायडर, अंगात टायटेनियम, म्हणजे दोन्ही सेट बोनस गेले. अॅक्सेसरींवर ‘लकी’, स्टाफवर ‘मिथिकल’, आणि हातात चाबूकच नाही. क्लास कमकुवत नाही, बिल्ड अर्धवट आहे.

२०२० च्या १.४ आवृत्तीने चाबूक आणला तेव्हाच समनरचा खेळ बदलला. चाबकाचा वार ज्या शत्रूवर बसतो त्याच्यावर मिनियन तुटून पडतात आणि त्यांचे डॅमेजही वाढते. जंगलातल्या साहित्यातून स्नॅपथॉर्न बनतो, वॉल ऑफ फ्लेशकडून फायरक्रॅकर मिळतो. बिविचिंग टेबल आणि समनिंग पोशन यांनी एकेक मिनियन वाढतो. हे सगळे मेकॅनिकल बॉसच्या आधी हाताशी असते. तरी जुन्या सवयीचे खेळाडू मिनियन सोडून नुसते पळत राहतात.

पण खरा पैसा बुडतो तो गॉब्लिन टिंकररकडे. रिफोर्जचा दर वस्तूच्या किमतीच्या एक तृतीयांश. चांगला मॉडिफायर लागला की वस्तूची किंमत वाढते, म्हणून पुढचा प्रयत्न आणखी महाग. हवे त्याच्या जवळ पोहोचलेल्या माणसालाच जास्त भरावे लागते, आणि भरूनही हाती काय येईल याची हमी नाही. अॅक्सेसरीवर १९ मॉडिफायर येऊ शकतात; त्यातला नेमका एक निवडण्याची सोय २०२२ च्या १.४.४ मध्येही आली नाही. तासन्‌तास खाणी उपसून जमवलेले प्लॅटिनम अशा रीतीने दोन-चार मिनिटांत संपावे, ही रचना चुकीची आहे. निर्मात्यांनी ती बदलायला हवी, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे.

ती बदलेपर्यंत निदान आपल्या हातून होणारी उधळण तरी थांबावी. समन स्टाफवर मिथिकलसाठी सोने ओतणारे खेळाडू १५ टक्के डॅमेज घेतात. रूथलेस १८ टक्के देतो. मिथिकलचा वेग मिनियनच्या कामाचा नाही. क्रिटिकलचेही तेच: मॉर्निंग स्टार, कॅलिडोस्कोप असे चाबूक सोडले तर मिनियनचे वार सहसा क्रिटिकल होत नाहीत. ‘लकी’ म्हणजे समनरच्या गळ्यात बांधलेला दगड.

‘वॉर्डिंग’ की ‘मेनसिंग’, हा वाद तर क्लासचे नाव घेऊन घातला जातो आणि मोड कोणी विचारतच नाही. पाच अॅक्सेसरींवर वॉर्डिंग म्हणजे २० डिफेन्स. क्लासिकमध्ये डिफेन्सचा निम्माच भाग वारातून वजा होतो, म्हणजे १०. एक्सपर्टमध्ये पाऊण, म्हणजे १५. मास्टरमध्ये पूर्ण २०. तेच पाच मेनसिंग कुठल्याही मोडमध्ये २० टक्के डॅमेज देतात. म्हणून क्लासिकमध्ये अंतर राखून लढणाऱ्या मेजने किंवा समनरने वॉर्डिंगमागे लागू नये. मास्टरमध्ये बॉसच्या अंगाला भिडणाऱ्या मेलीवाल्याने मात्र निर्धास्त लागावे. मोड न सांगता दिलेल्या सल्ल्याचा उपयोग शून्य.

आणि तो टिंकरर राहतो कुठे? आलेल्या स्क्रीनशॉटांत जवळपास सगळीकडे एकाच मनोऱ्यात सारे गाव कोंबलेले आहे. २५ टाइलच्या आत तीनपेक्षा जास्त शेजारी झाले की प्रत्येक जण कुरकुरतो आणि दर चढतो. आनंदी पात्राचे भाव पाऊणपटीपर्यंत उतरतात, नाराजाचे दीडपटीपर्यंत चढतात. म्हणजे त्याच रिफोर्जला कोणी दुप्पट मोजत असेल. टिंकररला जमिनीखाली राहायला आवडते आणि मेकॅनिकवर त्याचा जीव आहे. स्टायलिस्टचे तोंडही त्याला बघवत नाही. तरी तिची खोली त्याच्या भिंतीला लागून! मेकॅनिकला जमिनीखालचे घर रुचत नाही, तिचे भाव थोडे चढतील. चढू द्या. रिफोर्ज तिच्याकडे होत नाही.

अनुभवी मंडळींनाही एक सांगणे आहे. नवख्याने ‘समनर खेळू का?’ विचारले की टेराप्रिझ्माचे नाव पुढे करू नका. दिवसाउजेडी एम्प्रेस ऑफ लाइटला मारून मिळणारी ती वस्तू. आज ज्याचे ट्विन्सपुढे हाल होताहेत त्याला तिचा काय उपयोग? त्याचा आर्मर विचारा, त्याचा अरेना किती लांब आहे ते विचारा.

तेव्हा मंडळी, आज गेम उघडाल तेव्हा बॉसला बोलावण्याआधी दोन खोल्या खणा आणि टिंकरर-मेकॅनिकला तिथे हलवा. अंगावर एकाच क्लासचा सेट चढवा. त्यानंतरही समनर हरत असेल तर जरूर लिहा. पण पत्रात मोड, आर्मर, चाबूक, प्रत्येक अॅक्सेसरीचा मॉडिफायर आणि टिंकररचा दर नोंदवा. अशी पत्रे पुढच्या अंकात आधी घेतली जातील.