नवापूरच्या फलाटापलीकडचे आपले मतदार

नवापूर रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे. दोन्ही राज्यांत एकाच वेळी बसल्याचा फोटो काढायला लोकांना तिथला बाक आवडतो. पण दिवाळीनंतर याच हद्दीवरून आपल्या जिल्ह्याचे हजारो मजूर ऊसतोडीसाठी बारडोली-सुरतकडे जातात, कोणी गाडीने, बहुतेक ट्रकमध्ये आणि पिकअपमध्ये कोंबून. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर, प्रत्येक तालुक्यातले पाडे रिकामे होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली असते आणि पोरे सोबत असतात.

माझी तक्रार आपल्या चार आमदारांबद्दल आहे, आणि ती पक्ष पाहून केलेली नाही. अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार आणि नवापूर हे चारही मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. सत्ताधारी आणि विरोधक दोन्ही बाजूंचे लोक तिथून निवडून आले आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातले 69 टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी आहेत. एवढ्या बळावर विधानसभेत गेलेल्या माणसाने राज्याबाहेर राबणाऱ्या आपल्या मतदारासाठी काय मागितले, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

आमदार काय करू शकतो, असे विचारणाऱ्यांनी बीडकडे पाहावे. तिथल्या ऊसतोड महिलांची गर्भाशये काढली जात असल्याचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने 82,309 महिलांची माहिती घेतली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशये काढलेली निघाली. तोवर जे कुजबुजत बोलले जात होते त्याला सरकारी आकडा मिळाला. पुढे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ मार्गी लागले आणि साखर कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे 10 रुपये घेण्याचे ठरले. जानेवारी 2024 मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ दिली. हे सारे पुरेसे आहे असे मी म्हणत नाही. पण बीडच्या मजुराचे नाव घेणारे कोणीतरी सभागृहात होते.

आता आपला मजूर पाहा. कारखाना गुजरातचा, म्हणून महाराष्ट्राच्या टनामागच्या 10 रुपयांत तो बसत नाही. दर ठरवणाऱ्या बैठकीत त्याचा माणूस नाही. तोडणाऱ्याचे मतदान महाराष्ट्रात असल्याने तिथल्या आमदाराला त्याची गरज नाही, आणि इथल्या आमदाराला तो निवडणुकीपुरता आठवतो. मतदानासाठी गाड्या पाठवून माणसे आणता येतात, मग शेतात अपघात झाल्यावर एक गाडी का जात नाही?

कायद्याचा आधार होता, तोही पातळ झाला आहे. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराला परवाना, मजुराला फोटो असलेले पासबुक आणि घर सोडून जाण्याबद्दल महिन्याच्या मजुरीच्या निम्म्याइतका भत्ता, अशी तरतूद होती. अंमलबजावणी कधीच धड झाली नाही. पण निदान मागायला कलम तरी होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि तो विस्थापन भत्ता गेला. प्रवासभाड्याची तरतूद उरली आहे. ते आपल्या मुकादमाकडून कोण वसूल करणार, हे मला कोणी सांगावे.

"दुसऱ्या राज्यातल्या गोष्टीत आपण काय करणार?" हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. जून 2025 मध्ये आपल्याच महाराष्ट्रात काय झाले ते आठवा. पश्चिम बंगालचे काही मजूर इथे पकडले गेले, बांगलादेशी ठरवले गेले आणि थेट सीमेपलीकडे ढकलले गेले. ते भारतीय होते. ते परत आले, कारण त्यांच्या राज्याचे पोलीस आणि स्थलांतरित कामगार कल्याण मंडळ कागद घेऊन उभे राहिले. तेव्हा या मंडळाचे अध्यक्ष खासदार समीरुल इस्लाम होते. म्हणजे दुसऱ्या राज्यात अडकलेल्या माणसामागे त्याचे राज्य उभे राहू शकते. त्यासाठी मंडळ लागते, यादी लागते, आणि फोन उचलणारा माणूस लागतो. आपल्या जिल्ह्यातून किती कोयते बाहेर जातात, कोणत्या कारखान्याला जातात, याची गावनिहाय यादीच नसेल तर कागद कोणाचा काढणार?

आपल्या वाचकांपैकी काहींना वाटेल, हा आदिवासींचा प्रश्न आहे, यात आपण कशाला पडायचे. मला हे मान्य नाही. मुंबईत बंगाली बोलणाऱ्या मुसलमान मजुराला जे तोंड "घुसखोर" म्हणते, तेच तोंड परमुलखातल्या भिल्ल मजुराला "बाहेरचा" म्हणायला वेळ लावत नाही. शिवाय मजूर वाहणाऱ्या गाड्यांत आणि उचल देणाऱ्यांत आपल्या ओळखीची माणसेही आहेत. त्यांना हिशेबाची वही मजुराच्या हातात द्यायला सांगणे आपल्याला जमण्यासारखे आहे, त्याला विधानसभेची वाट पाहावी लागत नाही.

चौघा आमदारांकडे मात्र माझी मागणी साधी आहे. येत्या अधिवेशनात एक तारांकित प्रश्न विचारा: नंदुरबारमधून गुजरातेत जाणाऱ्या ऊसतोड मजुरांची नोंद कोणाकडे आहे, आणि महामंडळाचा लाभ त्यांना कधी मिळणार? गुजरात सरकारशी लेखी करार मागा. अपघात, बाळंतपण आणि अडकलेली मजुरी यांसाठी बारडोलीत मराठी आणि भिली बोलणारा एक अधिकारी मागा. प्रश्नाची तारीख आणि त्यावर मंत्र्यांनी दिलेले उत्तर आम्ही इथे छापू. प्रश्न विचारलाच गेला नाही, तर तेही छापू.