चारशे डॉलरचा आवाज

गाडीला कोल्ड एअर इनटेक बसवलेल्या माझ्या सगळ्या मित्रांना मला एकच प्रश्न विचारायचा आहे. बसवण्याआधी तुम्ही काय मोजलं होतं?

उत्तर मला माहीत आहे. काहीही नाही. मीही मोजलं नव्हतं.

आम्ही पुण्या-मुंबईकडून कॅलिफोर्नियात आलेले इंजिनिअर. ऑफिसात कुणी म्हणालं की या बदलाने कोड पाच टक्के वेगवान झाला, तर आम्ही लगेच बेंचमार्क मागतो. कुठल्या मशीनवर? किती वेळा चालवला? आधीचे आकडे कुठे आहेत? तेच आम्ही शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये उभं राहून जाहिरातीतला '15 हॉर्सपॉवर' हा आकडा निमूट मान्य करतो आणि चारशे डॉलर मोजतो. माझं भांडण पाइपाशी नाही, या निमूटपणाशी आहे.

माझी गाडी 2017 ची टोयोटा 86. दोन लिटरचं इंजिन, टर्बो नाही, मॅन्युअल गिअर, 205 हॉर्सपॉवर. आता साधं गणित करू. हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. 40 अंश सेल्सिअसऐवजी 30 अंशांची हवा आत गेली, तर ती सुमारे 3 टक्के दाट. म्हणजे सगळं मनासारखं घडलं तरी सहा-सात हॉर्सपॉवर. पण त्यासाठी मूळ गाडी बाहेरच्यापेक्षा 10 अंश गरम हवा ओढत असायला हवी. ती ओढते का? या गाडीचा मूळ इनटेक समोरच्या जाळीमागूनच हवा घेतो आणि ती बंद पेटीतून नेतो. म्हणजे कंपनीने कोल्ड एअर इनटेक आधीच दिलेला आहे. फक्त तो काळ्या प्लास्टिकचा आहे आणि त्यावर लाल अक्षरं नाहीत.

मी मोजलं, पण उशिरा. ओबीडी पोर्टला लावायचा वीस-पंचवीस डॉलरचा डोंगल आणि फोनवरचं अ‍ॅप, एवढंच लागतं. हायवेवर मूळ पेटीतली हवा बाहेरच्यापेक्षा तीन-चार अंश गरम होती. मी घेतलेल्या उघड्या फिल्टरची हायवेवर तितकीच. सिग्नलला आणि ट्रॅफिकमध्ये मात्र उघडा फिल्टर इंजिनची उष्णता पिऊन वीस अंशांच्या वर जायचा. मूळ पेटी बाराच्या आसपास थांबायची. नावात 'कोल्ड' आणि पोटात गरम हवा. जाहिरातीतला डायनोचा आलेख हे दाखवत नाही, कारण डायनोवर अनेकदा बॉनेट उघडं असतं आणि समोर मोठा पंखा चालू असतो. तशी गाडी रस्त्यावर कोण चालवतं?

'पण मला फरक जाणवतो!' जाणवतो, कारण आवाज बदलतो. आणि हे टोयोटालाही चांगलं ठाऊक होतं. या गाडीत इनटेकचा आवाज केबिनपर्यंत आणणारी एक वेगळी नळी कंपनीनेच दिली आहे. या गाडीची खरी तक्रार म्हणजे 4,000 आरपीएमच्या आसपास टॉर्कला पडणारा खड्डा. तो बुजवायला लोक हेडर बदलतात आणि ट्यून करतात. नुसत्या इनटेकने तो बुजत नाही.

इथवर नुकसान फक्त पैशाचं. पुढचं इंजिनाचं आहे. इनटेकच्या नळीत मास एअरफ्लो सेन्सर असतो. त्यातली तापवलेली तार वाहत्या हवेने किती गार होते, यावरून गाडीचा संगणक आत आलेली हवा मोजतो. हे कोष्टक त्या विशिष्ट व्यासाच्या नळीसाठी बनवलेलं असतं. नळी रुंद केली की तेवढीच हवा हळू वाहते, तार कमी गार होते, संगणकाला वाटतं हवा कमी आली आणि तो पेट्रोल कमी सोडतो. रोजच्या चालवण्यात ऑक्सिजन सेन्सर ही चूक सावरून घेतो. फुल थ्रॉटलला बहुतेक गाड्या त्या सेन्सरची वाट बघत नाहीत. तिथे कंपनीने इंजिन गार राहावं, नॉक होऊ नये म्हणून मुद्दाम जास्त पेट्रोल ठेवलेलं असतं. तेच कमी झालं की डायनोवर थोडे हॉर्सपॉवर वाढलेले दिसतात. त्याला आपण थंड हवेची करामत म्हणतो. खरं तर आपण इंजिनाचं संरक्षण काढून घेतलेलं असतं.

माझ्या गाडीत क्लॅम्प नीट बसला नव्हता. सेन्सरच्या पुढे, न मोजलेली हवा आत शिरत होती. आठवड्यात चेक इंजिनचा दिवा लागला, कोड पी0171 : मिश्रणात पेट्रोल कमी. क्लॅम्प आवळल्यावर दिवा गेला. मग स्मॉग टेस्टची वेळ आली. कॅलिफोर्नियात असा पार्ट रस्त्यावरच्या गाडीला लावायचा तर त्याला एअर रिसोर्सेस बोर्डाचा ईओ नंबर लागतो. तपासणारा माणूस बॉनेट उघडून तोच शोधतो. माझ्या किटवर तो नव्हता. बारीक अक्षरांत 'फक्त स्पर्धेसाठी' असं होतं आणि मी ते वाचलं नव्हतं. गाडी नापास झाली. मूळ पेटी टाकून दिली नव्हती म्हणून दहाच्या पान्याने तासाभरात परत बसवली.

टर्बो गाड्यांचं गणित वेगळं आहे, हे मान्य. मोठा टर्बो आणि ट्यून यांच्या जोडीला मोठा इनटेक लागतो. तिथे तो एका योजनेचा भाग असतो. आणि नुसता आवाज हवा असेल तर तोही घ्या. आवाज आवडणं हा गुन्हा नाही. फक्त घेताना ईओ नंबर बघा. सेन्सरच्या नळीचा व्यास मूळ इतकाच आहे का, ट्यून लागतो का, फिल्टर बंद पेटीत आहे का, हे विचारा. तेल लावलेल्या फिल्टरचं जादा तेल सेन्सरच्या तारेवर बसतं, म्हणून कोरडा घ्या. चाकाजवळ खाली लोंबणारा फिल्टर साचलेल्या पाण्यात बुडाला तर पाणी थेट सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पावसाळ्यातल्या मुंबईत हे वेगळं सांगायला नको.

आणि बसवण्याआधी आठवडाभर हवेचं तापमान आणि फ्युएल ट्रिमचे आकडे नोंदवून ठेवा. बसवल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच वेळी पुन्हा नोंदवा. फरक दिसला तर मला खुशाल खोटं पाडा. नाही दिसला, तर पुढच्या वेळी मित्राने विचारल्यावर '15 हॉर्सपॉवर' सांगू नका. 'आवाज भारी येतो' एवढंच सांगा. तोही चारशे डॉलर मोजायच्या बेतात असतो, आणि त्याने जाहिरातीवर नाही, तुमच्यावर विश्वास ठेवलेला असतो.