चेंडू प्रत्येकाच्या हाती

बास्केटबॉलचा संघ निवडताना आपल्याकडे आधी उंची पाहिली जाते. उंच मुलांच्या हाती चेंडू जातो आणि उरलेली मुले कडेला उभी राहून टाळ्या वाजवतात. ही रीत बदलावी, असे आम्हां माजी विद्यार्थ्यांचे स्पष्ट मत आहे. उंची वाढविणे शाळेच्या हाती नाही. चेंडूवरील ताबा शिकविणे आहे.

अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नाइस्मिथ यांनी १८९१ मध्ये हा खेळ सुरू केला, तेव्हा चेंडू घेऊन धावण्यास मनाई होती. जेथे पकडला तेथूनच तो फेकावा लागे. चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेण्याची, म्हणजे ड्रिबलिंगची, कला खेळाडूंनी पुढे विकसित केली. अवघ्या ५ फूट ३ इंच उंचीचे मग्सी बोग्ज वेग आणि या कलेच्या बळावर एन.बी.ए.मध्ये १४ हंगाम खेळले.

चेंडू तळहाताने थोपटू नये, बोटांनी ढकलावा. गुडघे वाकलेले, उसळी कमरेखाली, नजर समोर. नजर खाली गेली की मोकळा झालेला सहकारी दिसतच नाही. उजव्या हाताची सवय असलेले मूल डावा हात टाळते. चतुर प्रतिस्पर्धी हे लगेच ओळखतो आणि त्याला डावीकडेच रेटतो. म्हणून सरावाचा मोठा भाग दुबळ्या हाताला द्यावा. आधी जागेवर, मग चालत, मग धावत. आणि शेवटी चेंडू हिसकावणारा कोणीतरी समोर हवाच. आपल्या अर्ध्या मैदानातून चेंडू पुढे नेण्यास नियमाने आठच सेकंद मिळतात. शंकूंभोवती एकट्याने केलेली कसरत तेथे अपुरी पडते.

परंतु वीस मुलांत दोनच चेंडू असतील, तर सारा वेळ रांगेत जातो. त्यातही सात क्रमांकाचा मोठा चेंडू लहानग्यांच्या बोटांत मावत नाही. त्यांना पाच क्रमांकाचा हवा, मोठ्या मुलींना सहाचा. मैदानाला नवा रंग आणि देणगीदारांच्या नावांचा फलक शोभून दिसेल, यात शंका नाही. तो पुढच्या वर्षी करता येईल. मुलींसाठी वेळही स्वतंत्र राखावी. मुलांचे आटोपल्यावर उरेल ती नव्हे.

सायंवंदनेपूर्वीचा अर्धा तास या सरावास पुरेसा आहे. यंदाच्या देणगीतून प्रथम चेंडू घ्यावेत, असा प्रस्ताव आम्ही माजी विद्यार्थ्यांच्या सभेत मांडणार आहोत. पालकांनीही त्यास पाठिंबा द्यावा, ही विनंती.